घोटलेल्या घेवड्याला तोंडी लावायला काय?

खाद्यपदार्थांचा स्टॉल लावणाऱ्या एका गटानं मागच्या महिन्यात आम्हाला विचारलं, "ताई, शहरातल्या जत्रेत आमच्या शेजारच्या स्टॉलवर 'रिफ्राइड बीन्स' विकत होते. चाखून बघितलं, तर आपला राजमाच की तो, शिजवून घोटलेला. घेवडा तर आमच्या घरात पोत्यानं पडलाय. आम्हीही करू. पण त्याच्याबरोबर द्यायचं काय? आणि वर प्यायला काय?"

प्रश्न ऐकून आम्हाला बरं वाटलं. कृती तर सगळ्याच विचारतात. ह्या बायांनी ताटातली सोबत विचारली. नुसता घोटलेला घेवडा वाटीत घालून दिला, तर चार घासांत तोंड मिटतं. त्याची जोडी जमली तर माणूस बोटं चाटत खातो. आणि ही जोडी चवीपुरतीच नाही, आपल्या अंगातल्या रक्ताशीही तिचा संबंध आहे. तो भाग पुढे येईल. आधी हा पदार्थ ज्यांचा आहे त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊ.

हा पदार्थ मेक्सिकोचा. अमेरिका खंडात, आजच्या अमेरिकेच्या खाली लागून असलेला तो देश. तिथं ह्याला 'फ्रिहोलेस रेफ्रितोस' म्हणतात. फ्रिहोलेस म्हणजे घेवड्याचे दाणे. 'रेफ्रितोस' ह्याचं इंग्रजीत झालं 'रिफ्राइड', आणि त्यामुळे सगळ्यांना वाटतं की दोनदा तळायचं. तसं नाही. मेक्सिकोच्या स्पॅनिश बोलीत शब्दाला पुढे 'रे' लागला की 'चांगलं, भरपूर' असा अर्थ होतो. म्हणजे झकास परतलेला घेवडा, एवढंच.

आणि घेवडा मूळचा तिकडचाच बरं का. राजमा, मका, मिरची, टोमॅटो, पेरू, पपई ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून जहाजांनी आपल्याकडे आली. 'टोमॅटो' हा शब्दसुद्धा मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या 'तोमात्ल'वरून आलाय. आता हे पाहुणे इतके घरचे झालेत की आपल्या साताऱ्याकडच्या कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अंगावर पट्टे, म्हणून वाघ्या. तिकडे उत्तर मेक्सिकोत परतायला जो दाणा जास्त वापरतात त्याचं नाव पिंतो, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. दक्षिणेकडे वेराक्रूस, ओआहाका, युकातान ह्या भागांत काळा घेवडा लागतो. त्यामुळे 'आमच्याकडे तो खास दाणा नाही' म्हणून अडून बसायचं कारण नाही. मऊ शिजणारा कुठलाही राजमा चालतो.

तिकडे हे काम दोन दिवसांचं असतं. पहिल्या दिवशी मातीच्या मडक्यात कांदा घालून घेवडा शिजवतात आणि रश्श्यासकट खातात. मीठ शेवटी. उरलेला दुसऱ्या दिवशी चरबीत कांद्याबरोबर परतून घोटतात. म्हणजे शिळ्याचं सोनं. आपल्या फोडणीच्या भाताची जी गोष्ट, तीच ह्याची.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा बाधतो. त्यात एक विषारी द्रव्य असतं, लाल राजम्यात जास्त. चार-पाच दाणे अर्धे कच्चे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. म्हणून रात्रभर भिजवायचा, भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, नवीन पाणी घ्यायचं, आणि खळखळ उकळी आल्यावर निदान अर्धा तास त्याच उकळीत ठेवायचा. नंतर मऊ होईपर्यंत शिजवायचा. मंद चुलीवर नुसता कोमट ठेवून 'शिजेल हळूहळू' म्हणणं धोक्याचं, कारण कमी आचेवर हे विष मरत नाही. कुकर असेल तर प्रश्नच नाही. दाणा दोन बोटांत चिमटला की पुरणासारखा मोडला पाहिजे. मोडला नाही तर आणखी शिट्ट्या करा. शिजल्यानंतरचं पाणी मात्र टाकू नका, ते पुढे लागतं.

पाव किलो घेवडा शिजवला असेल तर तीन मोठे चमचे तेल तापवा. एक कांदा बारीक चिरून लालसर होऊ द्या, दोन लसणाच्या पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या. त्यात दाणे घाला आणि डाळ घोटायच्या रवीनं किंवा पळीच्या पाठीनं कढईतच चेचा. थोडं थोडं शिजवलेलं पाणी घालत परतत राहा. गोळा कढईची कड सोडून एकत्र सरकायला लागला की झालं. पिठल्यापेक्षा घट्ट, पुरणापेक्षा सैल. निवल्यावर आणखी आळतो, म्हणून उतरवताना जरा सैलच ठेवा. तिकडे डुकराच्या चरबीत करतात. गंमत अशी की स्पॅनिश लोक येईपर्यंत, म्हणजे १५२१ साली त्यांनी तिथलं राज्य घेतलं तोवर, मेक्सिकोत डुक्कर नव्हतं आणि गायही नव्हती. घेवडा हजारो वर्षं जुना, पण त्याला चरबीत परतणं आणि त्यावर चीज भुरभुरणं ही त्यामानानं नवी सोयरीक. तेव्हा आपण शेंगदाण्याच्या तेलात केलं तर कुणी नाक मुरडू नये. शेंगदाणाही अमेरिका खंडाचाच.

आता हा पदार्थ कसा लागतो ते बघा. मऊ. जड. जरासा मातकट, जरासा गोडसर. आंबट नाही, तिखट बेताचं, कुरकुरीत तर अजिबात नाही. जे ह्याच्यात नाही ते बाजूला ठेवायचं, जोडी जमवायचा सगळा हिशोब एवढाच आहे. मेक्सिकोच्या बायकांनी तो हिशोब पिढ्यान्‌पिढ्या बसवलाय. २०१० साली युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा मिचोआकान राज्यातल्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या समूहांचा त्यात मुद्दाम उल्लेख आहे. समूह म्हणजे आपल्यासारख्याच बाया, पारंपरिक पिकं आणि पदार्थ जपणाऱ्या.

पहिली जोडी मक्याची. तिथली भाकरी म्हणजे तोर्तिया, तळहाताएवढी, पातळ, तव्यावर भाजलेली. पण ती आपल्यासारखं मका दळून करत नाहीत. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून सालं काढून धुतात आणि ओलेच वाटतात. पूर्वी हे वाटण बायका गुडघे टेकून दगडी पाट्यावर करायच्या, रोज कित्येक तास. गिरण्या आल्या तेव्हा त्यांची कंबर सुटली. आपल्या आज्यांना जात्यानं छळलं, त्यांच्या आज्यांना पाट्यानं.

हा चुना कशाला? मक्यात नायसिन नावाचं एक जीवनसत्त्व असतं, पण ते असं बांधलेलं असतं की पोटाला मिळत नाही. चुन्यानं ते मोकळं होतं, वर कॅल्शियमही मिळतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. पुढे इटलीत, स्पेनमध्ये आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात, जिथं गरीब माणसं मक्यावरच जगायची, तिथं पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी सोलायची, जुलाब लागायचे, माणूस भ्रमायचा, मरायचा. मेक्सिकोत मका खाणाऱ्यांना तो असा झाला नाही. दाणा गेला, बायकांचं ज्ञान मागे राहिलं, आणि त्याची किंमत परक्या देशातल्या गरिबांनी मोजली.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. प्रथिनं ज्या तुकड्यांची बनतात त्यातला लायसिन नावाचा तुकडा मक्यात कमी असतो, तो घेवड्यात भरपूर. घेवड्यात मेथिओनिन कमी, ते मक्यात मिळतं. एकमेकांची उणीव भरून काढणारी ही जोडी. शेतातही तसंच. तिकडच्या शेतीला 'मिल्पा' म्हणतात. मका उभा राहतो, घेवड्याचा वेल त्याच्यावर चढतो, खाली भोपळा पसरून जमीन झाकतो. घेवडा जमिनीला नत्र देतो, मका वेलाला आधार देतो. आपल्याकडच्या मिश्र पिकाचं हेच शास्त्र.

मग आपण काय द्यायचं? आम्ही तर सरळ म्हणू, ज्वारीची भाकरी द्या. ज्वारीतही लायसिन कमीच, त्यामुळे घेवड्याशी तिचं तसंच जमतं. मक्याची भाकरी जमत असेल तर फारच छान, पातळ थापा. चपाती चालते, पण मऊवर मऊ होतं. मेक्सिकोच्या उत्तरेत, सोनोराकडे, गव्हाच्या तोर्तिया खातात, त्यामुळे चपाती दिली तरी काही पाप नाही. गिऱ्हाईक मात्र कुरकुरीतवर पैसे जास्त टाकतं. तिकडे शिळ्या तोर्तियाचे त्रिकोणी तुकडे तळून घेवड्यात उभे खोचतात, त्यांना तोतोपोस म्हणतात. आपण शिळ्या भाकरीचे किंवा चपातीचे तुकडे कडक भाजून, वर थोडं तेल-मीठ लावून द्यावेत. पावाची सवय असलेल्या गावात 'मोयेतेस'सारखं करा. पाव मधून चिरायचा, आतून घेवडा फासायचा, वर चीज किसायचं, तव्यावर झाकण ठेवून चीज वितळू द्यायचं, आणि वर कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. मेक्सिकोत हा नाश्त्याचा पदार्थ आहे. आमच्या मते स्टॉलसाठी ह्याच्यासारखं सोपं दुसरं नाही.

दुसरी जोडी आंबट-तिखटाची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. आंबट नसेल तर घेवडा जड लागतो. तिथं प्रत्येक जेवणाला साल्सा असतो. साल्सा म्हणजे आपली चटणी, पातळसर, आणि पूर्वापार दगडी खलात कुटलेली. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर बारीक चिरून लिंबू पिळलं की 'पिको दे गायो' झाला. आपण तिला कोशिंबीर म्हणतो. टोमॅटो, मिरची आणि लसूण निखाऱ्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून कुटले की भाजलेला साल्सा. आपल्याकडे भाजलेल्या टोमॅटोची चटणी होतेच, फक्त शेंगदाण्याचं कूट घालू नका, ते पुन्हा जड होतं. हिरवा साल्सा तोमातियो नावाच्या फळाचा. कागदी पिशवीत बसलेलं हिरवं टोमॅटोसारखं फळ असतं ते, आपल्या शेताच्या बांधावर उगवणाऱ्या चिरबोटीच्या कुळातलं. ते नसलं तर कच्चे हिरवे टोमॅटो भाजून मिरची-कोथिंबिरीबरोबर वाटा. चव अगदी तीच येत नाही, काम तेच होतं.

आंबटातच दोन लोणची. एक हालापेन्यो मिरच्यांचं, गाजर-कांद्याबरोबर व्हिनेगरमध्ये मुरवलेलं. आपली जाड, कमी तिखट मिरची चालते. आपलं तेल-मोहरीचं लोणचं मात्र इथं बसत नाही, त्याचा मसाला घेवड्याला गिळून टाकतो. दुसरं युकातानचं कांद्याचं. तिथं लाल कांद्याच्या चकत्या आंबट संत्र्याच्या रसात मुरवतात, त्या गुलाबी होतात. आपण लिंबाच्या रसात, चिमूटभर मीठ घालून, तासभर ठेवायच्या. हा कांदा स्वस्त, दिसायला सुरेख आणि घेवड्यावर इतका शोभतो की आम्ही बाकी काही नसलं तरी हा ठेवाच म्हणू. युकातानमध्ये ह्याच कांद्यासाठी 'पानुचो' करतात. फुगलेल्या तोर्तियाचा पापुद्रा एका बाजूनं सोडवून आत घोटलेला काळा घेवडा भरतात, तेलात तळतात, वर मांस आणि हा गुलाबी कांदा. फुगलेल्या ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा आपण असाच सोडवतो. आत घेवडा भरून तव्यावर तेल सोडून बघा एकदा.

चीज आणि अवोकाडो ह्यांचं थोडक्यात. तिकडचं ताजं चीज पांढरं, भुसभुशीत, खारट. आपण पनीर हातानं कुस्करून मीठ लावलं की जवळपास पोचतो. शहरात मिळणाऱ्या चीजच्या चौकोनी चकत्या टाळा, घेवड्यावर त्यांचा चिकट थर बसतो. अवोकाडो म्हणजे लोणीफळ. चांगलं लागतं, गार, तुपाळ, पण आपल्याकडे महाग. गटाच्या स्टॉलवर त्याच्या मागे लागू नका. गारव्यासाठी काकडी किंवा मुळ्याच्या चकत्या द्या. मुळा-लिंबू मेक्सिकोतही रस्त्यावरच्या गाड्यांवर असतंच. अंडं खाणाऱ्यांसाठी तळलेलं अंडं, खाली तोर्तिया, वर साल्सा, बाजूला घेवडा, हा तिथला शेतकऱ्यांचा नाश्ता. आपल्याकडे पोल्ट्री असलेल्या गटांनी हे नक्की करावं.

पोटाचं काय, हे विचारणारच तुम्ही. घेवड्यानं पोट फुगतं, हे तिकडच्या बायकाही जाणतात. त्या मडक्यात एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला घालतात. आपण हिंग किंवा ओवा घालतो. वास वेगळा, हेतू तोच. ओआहाकाकडे अवोकाडोची पानं भाजून घालतात, बडीशेपेसारखा वास येतो. ती जात वेगळी असते. आपल्याकडच्या झाडाची पानं घालू नका, हवी तर चिमूटभर बडीशेपेची पूड घाला. भिजवलेलं पाणी टाकल्यानंही पोट कमी फुगतं.

काय घालू नये तेही सांगतो. गरम मसाला, चाट मसाला, शेव. शेव घालायचा मोह फार होतो, पण मग तो घेवडा राहत नाही, भेळ होते. टोमॅटो केचपही नको, गोडावर गोड होतं. बटाटा तर नकोच, पिठूळावर पिठूळ.

आता प्यायला काय, आणि इथं मघाशी सांगितलेला रक्ताचा विषय येतो. घेवडा लोहाचा चांगला साठा आहे. १०० ग्रॅम सुक्या राजम्यात साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं आणि प्रथिनं २० ग्रॅमच्या घरात. पण कडधान्यातलं लोह शरीराला सहज उचलता येत नाही, मांसातलं उचलता येतं तसं. त्याला मदत लागते. ही मदत 'क' जीवनसत्त्व करतं, म्हणजे लिंबू, पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर. आणि त्याची वाट अडवतात चहा आणि कॉफी. जेवताना किंवा जेवणावर लगेच चहा घेतला, तर घेवड्यातलं बरंचसं लोह त्या चहातल्या तुरट द्रव्यांना चिकटून तसंच बाहेर जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे गटाच्या बैठकीत दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या पाचांहून जास्त. जिना चढताना धाप लागते, कापणीला पाय ओढतात, आणि आपण म्हणतो 'वय झालं'. वय ३२! त्यात आपली सवय कशी, सगळ्यांचं वाढून झालं की शेवटी आपण जेवायचं, आणि ताट उचलायच्या आधी चहाचं आधण ठेवायचं. घेवड्याची भाजी खाल्ली, तिच्यातलं लोह चहानं अडवलं. पदरात काय पडलं? म्हणून चहा बंद करा असं आम्ही म्हणत नाही. आम्हालाही तो लागतो. तासभर मागे-पुढे करा, एवढंच. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात त्याही चहाबरोबर गिळू नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

आता मेक्सिकोकडे परत. तिथं दुपारच्या जेवणाबरोबर 'आग्वा फ्रेस्का' असतं, म्हणजे ताजं पाणी. फळ, फूल किंवा धान्य पाण्यात कुस्करून, गाळून, जरा गोड करून, मोठ्या काचेच्या बरण्यांत भरून ठेवतात आणि पळीनं वाढतात. त्यातलं लिंबाचं पाणी घेवड्याचं सख्खं. त्यात ते चिया नावाचं तिथलंच बी भिजवून घालतात, आपण सब्जा घालतो. मेक्सिकोतलं लिंबू आशियातून गेलेलं. स्पॅनिश जहाजं मेक्सिकोतल्या आकापुल्को बंदरापासून फिलिपिन्सच्या मनिलापर्यंत १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं ये-जा करत होती, आणि आशिया-मेक्सिको देवघेवीची ती मोठी वाट होती. चिंचही जुन्या जगातून तिकडे गेलेली. तिला ते तामारिंदो म्हणतात. हा शब्द अरबीतल्या 'तम्र हिंदी'वरून आला, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. चिंचेचं पाणी तिथं इतकं आवडीचं की गाड्यागाड्यांवर मिळतं. १०० ग्रॅम चिंच लिटरभर पाण्यात भिजवून कोळून गाळायची, गूळ घालायचा, आणि हवं तर आणखी पाणी. आम्ही त्यात जिरं आणि काळं मीठ घालतो. तिकडे घालत नाहीत, पण आपल्या जिभेला लागतं.

तिसरं लाल पाणी, 'हामाइका'चं. देवाला वाहतो त्या जास्वंदीच्याच कुळातलं हे झाड, आफ्रिकेतून तिकडे गेलेलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींनो, ही तुमची लाल अंबाडी! बोंडांच्या लाल पाकळ्या वाळवून ठेवतात. मूठभर पाकळ्या लिटरभर पाण्यात पाचेक मिनिटं उकळायच्या, गार करून गाळायचं, साखर घालायची. माणकासारखा रंग येतो. आंबट-तुरट चव घेवड्याचा तुपाळपणा तोंडातून धुऊन काढते. ज्या भागात अंबाडी होते तिथल्या गटांनी पाकळ्या वाळवून विकायचा विचार करावा. फक्त चवीला हे उत्तम असलं तरी लोहासाठी लिंबूपाणीच पुढे ठेवा.

जेवण फार तिखट असेल तर 'ओर्चाता' देतात. तांदूळ आणि दालचिनी रात्रभर भिजवून वाटायची, गाळायची, साखर घालायची, दुधासारखं पांढरं गार पेय होतं. आपलं ताकही तिखटावर तेच काम करतं. सकाळच्या घेवड्याबरोबर मात्र तिकडे मातीच्या भांड्यातली दालचिनी-गुळाची कॉफी पितात किंवा मक्याच्या पिठाचं गरम गरम 'आतोले'. कॉफीचं काय ते वर सांगितलंच. आतोले आपल्या नाचणीच्या आंबिलीच्या जवळचं, म्हातारी माणसं आणि लेकरं आवडीनं पितील. काही ठिकाणी घेवड्याबरोबर बिअरही चालते. आपल्यातल्या कितीतरी जणींनी गावातलं दुकान बंद करायला मोर्चे काढलेत, त्यामुळे त्या वाटेला आम्ही जात नाही.

आणि बाटलीतलं रंगीत थंड पेय? स्टॉलवर ते ठेवायला सोपं, गिऱ्हाईक मागतंही. पण मेक्सिकोनं ह्याचं फळ भोगलंय. घराघरात ताज्या पाण्याच्या जागी बाटल्या आल्या, लठ्ठपणा आणि मधुमेह इतका वाढला की सरकारनं १ जानेवारी २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. म्हणून आपल्या पाण्यातही साखर हात राखून घाला. लिटरला चार-पाच चमचे पुष्कळ झाली.

तर त्या गटाला आम्ही असं ताट सुचवलं. पळीभर गरम घेवडा, वर कुस्करलेलं पनीर, बाजूला गुलाबी कांदा, चमचाभर भाजलेल्या टोमॅटोचा साल्सा, भाकरीचे कडक तुकडे, लिंबाची फोड, आणि पेलाभर लिंबू-सब्जाचं पाणी. लिंबाची फोड वगळून खर्च वाचवू नका. बाकी कशातही काटकसर करा. घेवडा दोन-अडीच तासांत संपेल एवढाच परता, आणि गरमच ठेवा. शिजवलेला घेवडा उन्हाळ्यात सकाळपासून झाकून ठेवला तर संध्याकाळपर्यंत आंबतो, आणि नुसत्या वासावरून ते नेहमी कळेलच असं नाही. फ्रिज असेल तर तीन दिवस टिकतो, पण बाहेर काढल्यावर पूर्ण वाफ येईपर्यंत तापवायचा.

घरी उरला तर त्याचं 'एन्फ्रिहोलादास' करा. घोटलेल्या घेवड्यात गरम पाणी घालून आमटीसारखा सैल करायचा, उकळी आणायची, त्यात चपात्या एकेक बुडवून दुमडायच्या, वर कांदा, पनीर आणि हिरवी मिरची. पोरं दोन-दोन मागून खातात. चपात्या मात्र ताज्या नकोत, सकाळच्याच घ्या, ताज्या असल्या तर आमटीत विरघळतात.